छातीचा फोटो

आपल्या घरांतून पूर्वी एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नसे. ‘छातीचा फोटो काढायला सांगितलाय’ असे म्हणत, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली जाई. छातीचा फोटो म्हणजे क्षयाचा संशय, हे समीकरण इतके पक्के होते की घरात लग्नाची मुलगी असली तर ती काळी फिल्म पाकिटासकट माळ्यावर जाई आणि शेजाऱ्यांना ‘जरा ताप आहे’ एवढेच कळे. बेळगावची मोठी दुखणी तेव्हा मीटरगेजच्या गाडीने मिरजेला जात. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी उभारलेले तिथले मिशन हॉस्पिटल आणि जवळच्याच वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय, ही दोन्ही नावे आमच्या आधीच्या पिढीच्या तोंडी होती. फरक एवढाच, की दुसरे नाव हळू घेतले जाई.

आज त्याच घरांतून ‘डायलिसिस चालू आहे’ हे वाक्य ऐकू येते. आठवड्यातून दोनदा-तीनदा, दर खेपेला चार तास. पुष्कळांची सुरुवात मानेत नळी घालून होते आणि नळी बसली की रुग्णाला छातीच्या फोटोला पाठवतात. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक एकमेकांना विचारतात, बिघाड मूत्रपिंडात, नळी मानेत, मग फोटो छातीचा कशाला? उगीच बिल वाढवायचा प्रकार तर नव्हे? हा प्रश्न आमच्या कानावर इतक्या वेळा आला की यंदाच्या स्मरणिकेत त्याचेच उत्तर द्यावे असे आम्ही ठरवले. ते उत्तर एका वाक्यात देता येते, पण त्यामागची हकिकत सव्वाशे वर्षांची आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे.

सुरुवात करू आपल्याच माणसापासून. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून पदवी घेऊन परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक ठरली होती. त्या कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची बावीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी त्याआधी पाच वर्षे, १८८२ साली, जगाला दाखवला होता. म्हणजे रोगाचे कारण ठाऊक होते, रुग्ण स्वतः डॉक्टर होती, आणि तरीही तिच्या फुप्फुसात नेमके काय आणि कुठवर पसरले आहे हे पाहण्याचे साधन पृथ्वीतलावर कुणाकडेच नव्हते. छातीवर बोटे ठोकून आवाज ऐकायचा, नळी लावून श्वास ऐकायचा, बस्स. डॉक्टर कानाने पाहत होते.

ते साधन आठच वर्षांनी आले. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्झबर्ग गावी विल्हेल्म राँटगेन यांना अंधाऱ्या खोलीत एक पडदा चमकताना दिसला. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, त्यात हाडे आणि बोटातली अंगठी दिसली. किरण कसले हे ठाऊक नव्हते, म्हणून नाव ‘एक्स’. आपण त्याचे ‘क्ष-किरण’ केले. राँटगेन यांनी पेटंट घेतले नाही, आणि म्हणूनच हे तंत्र वणव्यासारखे पसरले.

पहिली काही वर्षे लोक या किरणांनी मोडलेली हाडे आणि शरीरात रुतलेल्या गोळ्या शोधत राहिले. बोस्टनचे डॉ. फ्रान्सिस विल्यम्स मात्र १८९६ पासूनच छातीकडे वळले. छाती या किरणांना फार सोयीची जागा आहे. फुप्फुसांत हवा भरलेली, ती किरणांना अडवत नाही, म्हणून फिल्मवर काळी दिसते. हाड, हृदय, रक्त पांढरे दिसते. काळ्या जागी पांढरा डाग दिसला, म्हणजे जिथे हवा हवी तिथे दुसरे काहीतरी भरले आहे. ते ‘दुसरे काहीतरी’ म्हणजे काय, हे मात्र फिल्म सांगत नाही. वाचकांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिच्याचपाशी यायचे आहे.

आता नळीची गोष्ट. ती १९२९ साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे नावाच्या छोट्या गावात घडली. तिथल्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला उमेदवार डॉक्टर होता. त्या काळी अगदी शेवटच्या घटकेला औषध थेट हृदयात द्यायचे तर छातीतून सुई खुपसत. फोर्समानच्या मनात आले, हातातली शीर शेवटी हृदयाशीच जाते, तर त्या वाटेने एक मऊ नळी आत सरकवत नेली तर? वरिष्ठांनी साफ मनाई केली. रुग्णावर नाही आणि स्वतःवरही नाही.

गेर्डा डिट्सेन नावाची परिचारिका निर्जंतुक हत्यारांच्या कपाटाची मालकीण होती. फोर्समानने तिला आपली कल्पना इतकी पटवली की ती म्हणाली, माझ्यावर करा. त्याने तिला टेबलावर झोपवले, हातपाय बांधले, आणि तिचे लक्ष नसताना स्वतःच्याच डाव्या कोपरातली शीर उघडून मूत्रमार्गासाठी वापरायची लांब नळी आत सरकवायला सुरुवात केली. मग तिला सोडले, आणि दोघे जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेले. नळी हातातून लोंबतेच आहे! एक सहकारी धावत आला आणि ती उपटून काढू लागला, त्याला याने अडवले. पडद्यासमोर आरसा धरून, त्यात पाहत पाहत त्याने नळी ६५ सेंटिमीटरपर्यंत आत नेली आणि मग फिल्म काढून घेतली. फिल्मवर नळीचे टोक हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात दिसते.

या धाडसाची कथा पुष्कळदा सांगितली जाते, पण तिच्यातला एक मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. फोर्समानला नळी आत गेल्याचे नुसते जाणवून चालले नसते. टोक कुठे आहे याचा पुरावा हवा होता, आणि तो छातीच्या फोटोखेरीज कशानेही मिळाला नसता. हातातल्या नळीसाठी छातीचा फोटो! बाकावरच्या नातेवाइकांना पडणारा प्रश्न जिना उतरताना त्या परिचारिकेलाही पडला असेल.

फोर्समानला बक्षीस मिळाले ते नोकरीतून डच्चूचे. बर्लिनच्या मोठ्या रुग्णालयातून त्याला जावे लागले, आणि पुढे तो मूत्रविकारांचा डॉक्टर म्हणून खेडेगावात राहिला. अमेरिकेत कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी त्याची नळी उचलून हृदय आणि फुप्फुसांच्या अभ्यासाला लावली, आणि १९५६ सालचे नोबेल तिघांना मिळून दिले गेले. मधल्या काळात हा गृहस्थ नाझी पक्षाचा सभासद होता. नोबेल मिळाले म्हणून ते झाकून ठेवावे असे आम्हाला वाटत नाही.

नाझींनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये त्याच सुमारास विलेम कोल्फ नावाचे डॉक्टर काम्पेन गावी कृत्रिम मूत्रपिंड बनवत होते. सामान काय, तर लाकडी पिंप आणि सॉसेजच्या आवरणाची सेलोफेनची नळी. पिंपाभोवती ती गुंडाळायची, तिच्यातून रक्त फिरवायचे आणि पिंप क्षारांच्या पाण्यात फिरत ठेवायचे. रक्तातली घाण सेलोफेनच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्यात उतरते. १९४३ साली हे यंत्र रुग्णांवर चालू झाले. पहिले जवळजवळ सगळे दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून उठली आणि तगली.

यंत्र झाले, पण रक्त शरीरातून बाहेर आणायची वाट कुठली? दर वेळी धमनी आणि शीर कापायची म्हटले तर थोड्याच खेपांत हातपायांच्या वाहिन्या संपतात. म्हणून अनेक वर्षे डायलिसिस म्हणजे तात्पुरत्या बिघाडासाठी, ज्याची मूत्रपिंडे परत चालू होण्याची आशा आहे त्याच्यासाठी. १९६० साली सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची ठेवून दिली, तेव्हा कायमच्या निकामी मूत्रपिंडांवरही माणूस वर्षानुवर्षे जगू लागला. यंत्रे मूठभर आणि रुग्ण शेकडो, म्हणून कुणाला जगवायचे हे ठरवायला तिथे नागरिकांची एक समिती नेमावी लागली. १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रेशिया आणि सिमिनो यांच्या गटाने धमनी आणि शीर आतल्या आत जोडायची युक्ती प्रसिद्ध केली. आपण जिला ‘फिश्चुला’ म्हणतो ती हीच. आजही उत्तम वाट तीच मानतात.

पण फिश्चुला तयार व्हायला आठवडे लागतात, आणि आपल्याकडे मूत्रपिंडे गेल्याचे पुष्कळदा इतक्या उशिरा कळते की तेवढा वेळच हाताशी नसतो. तिथे पुन्हा नळी आली, आणि ही नळी घालायची रीत दिली ती एका एक्स-रेच्या डॉक्टरने. स्टॉकहोमचे स्वेन-इव्हार सेल्डिंगर धमन्यांचे फोटो काढत, त्यासाठी आत रंगद्रव्य सोडावे लागे. १९५३ साली त्यांनी सुचवले, आधी बारीक सुई टोचा, सुईतून तार सरकवा, सुई काढून घ्या, आणि तारेवरून नळी आत घाला. इतके साधे, की आधी कुणाला सुचले नाही याचेच नवल. १९६१ साली लंडनच्या डॉ. स्टॅन्ली शाल्डन यांनी हीच रीत डायलिसिसच्या नळीसाठी वापरली. आज मानेतली ‘परमकॅथ’ बसवतात तेव्हाही ताटात सुई, तार आणि नळी, याच क्रमाने असतात.

‘डायलिसिस’ हा शब्द आपल्या घरांत कधी आला? आमच्या मते जयप्रकाश नारायणांमुळे. १९७५ साली आणीबाणीतल्या कैदेत असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार सुरू झाले आणि १९७९ साली निधन होईपर्यंत ते डायलिसिसवरच जगले. तोवर ऐकलेला नसलेला शब्द वर्तमानपत्रांनी घरोघरी नेला. त्या वेळी ते मोठ्या माणसांचे आणि मोठ्या शहरांचे औषध होते. २०१६ सालच्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, आणि आता जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातही खाटा लागलेल्या दिसतात.

नळी आत जाते ती बरीच वर्षे आंधळेपणाने जात होती. मानेवरच्या स्नायूंच्या खुणा पाहून, बोटाने धमनीचा ठोका चाचपून, तिच्या शेजारी शीर असेल अशा अंदाजाने सुई टोचायची. शीर नेहमी पुस्तकातल्या जागीच असते असे नाही. सुई शेजारच्या धमनीत शिरू शकते. खालच्या बाजूला फुप्फुसाचे शेंडे असतात, त्याला टोचले तर छातीत हवा साठते आणि फुप्फुस आकसते. म्हणून नंतर छातीचा फोटो: टोक मोठ्या शिरेच्या तोंडाशी किंवा हृदयाच्या उजव्या कप्प्यात आहे ना, आणि फुप्फुस फुगलेले आहे ना. बाकावरच्या प्रश्नाचे एका वाक्यातले उत्तर हे.

काही नुकसान तर फोटोनेही लगेच दिसले नाही. १९७० च्या दशकात गळ्याच्या हाडाखालच्या शिरेतून नळी घालण्याची पद्धत रूढ झाली, कारण रुग्णाला ती कमी जाचायची. रंगद्रव्य सोडून शिरांचे फोटो काढायला लागल्यावर, १९८० च्या दशकात कळले की नळी काढल्यानंतर ती शीर पुष्कळांत आकसून जाते. मग त्याच हाताला केलेली फिश्चुला चालत नाही, हात सुजतो. ज्या हातावर पुढची सगळी वर्षे काढायची तोच हात आपण खर्ची घालत होतो! म्हणून आता पहिली पसंती मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेला. तिथून हृदयापर्यंतची वाट सरळ आहे.

आंधळेपणा खऱ्या अर्थाने संपवला तो सोनोग्राफीने. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांनी कारखान्यात लोखंडातल्या भेगा शोधायचे यंत्र पाहिले आणि १९५८ साली त्याच तत्त्वावर पोटातल्या गाठी आणि गर्भ दाखवले. पुढे या यंत्राने शीरही दाखवता येऊ लागली: दाबली की मिटते ती शीर, ठोके देते ती धमनी, आणि सुईचे टोक पडद्यावर. २००२ साली ब्रिटनने मानेतली नळी सोनोग्राफीच्या मदतीनेच घालावी अशी शिफारस केली. आपल्याकडे याच यंत्राचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. मुलींचे गर्भ पाडण्यासाठी त्याचा वापर इतका झाला की महाराष्ट्राने १९८८ साली आणि केंद्राने १९९४ साली कायदा केला. यंत्राची नोंदणी आली, ते जागेवरून हलवण्यावर बंधने आली. शीर पाहायला आणलेले छोटे यंत्रही त्याच नोंदणीत बसते. डॉक्टर मंडळी याबद्दल कुरकुर करतात. आम्हाला ती कुरकुर समजते, पण कायदा का करावा लागला हेही आपल्याच समाजाला ठाऊक आहे.

आता मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. फिल्मवर पांढरे दिसते, पण ते काय आहे?

डायलिसिसच्या रुग्णाला एके रात्री दम लागतो, थोडा ताप येतो. छातीचा फोटो काढला तर दोन्ही बाजूंना पांढरी छाया. ही छाया पाण्याची असू शकते. लघवी होत नाही, दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत पाणी जास्त प्यायले गेले, ते फुप्फुसांत उतरले. न्यूमोनियाची असू शकते. क्षयाची असू शकते, कारण अशा रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते आणि क्षय त्याला इतरांपेक्षा कितीतरी जास्त गाठतो, तोही नेहमीच्या जागा सोडून. आणि नळीवरच जंतू बसले असतील तर ते रक्तातून उजव्या हृदयात आणि तिथून फुप्फुसांत जाऊन छोटे छोटे गोल डाग उठवतात. चार कारणे, चार वेगळे उपचार. पहिल्याला पाणी काढायचे, दुसऱ्याला प्रतिजैविके, तिसऱ्याला महिनोन्‌महिने क्षयाची औषधे. चौथ्यात ज्या नळीवर माणूस जगतो आहे ती नळीच बहुधा काढायची. चुकीच्या औषधात गेलेले दोन दिवस अशा माणसाला परवडत नाहीत.

पाण्याची छाया सहसा दोन्ही बाजूंना मध्यापासून पसरते, डॉक्टर तिला फुलपाखराच्या पंखांची उपमा देतात. न्यूमोनिया बहुधा एखाद्या भागाला धरून बसतो. पण हे ‘सहसा’ आणि ‘बहुधा’ आहे. फिल्म वाचणाऱ्यांचे एकमत होत नाही, हे क्षयाच्या बाबतीत फार आधी उघड झाले होते. १९४७ साली अमेरिकेत तज्ज्ञांना त्याच फिल्म दोनदा वाचायला दिल्या, तर एकाचे दुसऱ्याशी जुळेना, आणि त्याच माणसाचे स्वतःशीही जुळेना. आपल्या देशात १९५५ ते १९५८ मध्ये एक्स-रेच्या फिरत्या गाड्या गावोगाव नेऊन क्षयाची पाहणी झाली, तरीही १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने भर दिला तो बेडक्याच्या तपासणीवर. स्वस्त म्हणून तर होतेच, पण बेडक्यात जंतू दिसला की वाद उरत नाही म्हणूनही.

सीटी स्कॅनने हा वाद मिटेल असे पुष्कळांना वाटले. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला, पुढे सगळे शरीर पाहता येऊ लागले. त्यांच्या मोजपट्टीवर पाणी शून्य आणि हवा उणे हजार. छोटे डाग, त्यांतली पोकळी, बारीक जाळे हे सीटीत असे दिसते की साध्या फोटोची लाज वाटावी, आणि फुप्फुसाच्या एचआरसीटीला मूत्रपिंडाला जड जाणारे रंगद्रव्यही लागत नाही. पण पाणी, पू आणि रक्त या मोजपट्टीवर एकमेकांच्या फार जवळ बसतात. २०२०-२१ च्या कोविडात आपण सगळेच पंचवीसपैकी किती, हे परीक्षेच्या गुणांसारखे एकमेकांना फोनवर सांगत होतो. तो आकडा फुप्फुस किती व्यापले एवढेच सांगे. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या फुप्फुसांत साठलेले पाणीही सीटीत तसेच धुरकट दिसू शकते.

मग जाणते डॉक्टर काय करतात? एक जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे. डायलिसिस करून पाणी काढायचे आणि फोटो पुन्हा काढायचा. छाया पाण्याची असेल तर काही तासांत, फार तर दिवसभरात विरते. जंतूंची असेल तर जागची हलत नाही. जोडीला रक्ताची आणि बेडक्याची तपासणी, आता ‘सीबीनॅट’ही आले आहे. ही युक्ती आम्हाला या साऱ्या इतिहासात सर्वांत आवडली. एका फोटोला जे सांगता येत नाही ते दोन फोटो मिळून सांगतात.

अलीकडे यात सोनोग्राफी पुन्हा आली. हवेतून ध्वनिलहरी जात नाहीत, म्हणून फुप्फुस सोनोग्राफीत दिसतच नाही असे पुस्तके सांगत. फ्रान्सचे डॉ. डॅनियल लिक्टेनस्टाइन यांनी १९९० च्या दशकात दाखवले की फुप्फुसात पाणी असले की पडद्यावर उभ्या उजळ रेघा उमटतात. डायलिसिस चालू असताना त्या रेघा कमी कमी होत जाताना दिसतात. ज्या यंत्राने शीर शोधून नळी घातली, त्यानेच फुप्फुसाला टोचले नाही ना हे पाहता येते, आणि पाणी उतरले की नाही हेही. किरण नाहीत, रुग्णाला खाटेवरून हलवायला नको.

साधा छातीचा फोटो मात्र मागे पडलेला नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने क्षयासाठी प्रौढांच्या छातीचे फोटो संगणकाकडून वाचून घ्यायला मान्यता दिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या देशात सुरू झालेल्या क्षयमोहिमेत हातात मावणारी एक्स-रे यंत्रे गावोगाव फिरली. संशय आला की बेडक्याची तपासणी आहेच.

डॉक्टर फोटो पाहताना हल्ली पहिला प्रश्न विचारतात, ‘आधीचा आहे का?’ डाग जुना आहे की परवाचा, हे जुन्या फिल्मखेरीज कळत नाही. त्या फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून त्या किलोवर विकत घेणारे लोक दारोदार येत आणि माळ्यावरची पाकिटे पिशवीत भरून नेत. आमच्या ओळखीच्या एका घरात मात्र आजोबांची पन्नास वर्षांपूर्वीची मिरजेची फिल्म अजून आहे. उजव्या बाजूला वर बरा झालेला एक पांढरा ठिपका. आता त्यांच्या नातवाचे फोटो मोबाइलवर येतात, आणि पुढच्या डायलिसिसला जाताना सून ते डॉक्टरांना दाखवायला फोनमध्ये शोधत असते.